गठ्ठ्यातला एक अंक

नोकरी कशी शोधायची, असं मला पोरंपोरी विचारतात. मी म्हणते, आधी जाहिरात कुठे लपवली आहे ते शोधा. हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही.

आमच्या बीबी गावाहून बुलढाण्याला मी पहिली मुलाखत द्यायला गेले ती एका गुरुजींच्या सांगण्यावरून. नात्यातलेच. घरी येऊन म्हणाले, आमच्या संस्थेच्या शाळेत लिपिकाची जागा निघाली आहे, पोरीला अर्ज करू द्या. आईनं त्यांना जेवू घालूनच पाठवलं. मी पदवीपासून टायपिंगपर्यंतच्या साऱ्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या, त्यांवर सही-शिक्के घेतले आणि सकाळची पहिली एसटी धरली.

शाळेत आम्ही तिघीच होतो. शिपायानं आधी हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या. मग चहा आला तो आमच्यातल्या एकीलाच. शिपाई तिला विचारत होता, मॅडम, तुमचं टेबल खिडकीपाशी लावू का? तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी खुळी मनात उत्तरं घोकत बसले. आत सचिवांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. सर, काही विचारणार नाही का, असं मीच म्हणाले. तर ते हसले.

"ताई, सही झाली ना तुमची? मग तुमचं काम झालं."

माणूस आधीच ठरलेला असतो, पण कागदावर तीन उमेदवार दिसावे लागतात. उरलेले दोन असे सह्यांपुरते गोळा करतात. म्हणजे गुरुजी आमच्या घरी पोटभर जेवून गेले ते माझी सही न्यायला! परतीच्या गाडीत अंगाचा नुसता तिळपापड झाला. चिखली येईपर्यंत मी दातओठ खात होते. मग मनाशी खूणगाठ बांधली, या सचिवाला सह्यांची एवढी हौस आहे ना, देते याला सह्या.

पुढे मी बुलढाण्यातच खोली घेऊन अभ्यासिकेत बसू लागले. बसस्टँडवरच्या म्हाताऱ्या पेपरवाल्या काकांना एकदा विचारलं, त्या जागेची जाहिरात कोणत्या पेपरात आली होती, मला कशी दिसली नाही? काकांनी एका साप्ताहिकाचं नाव घेतलं. मी ते कधी ऐकलंही नव्हतं.

"तो पेपर वाचासाठी नसते, पोरी. गठ्ठा एसटीतून उतरते, अन् शाळेचा शिपाई समदाच्या समदा उचलून नेते."

जाहिरात छापली हे दाखवायचं आणि ती कोणाला दिसू द्यायची नाही, अशी ही रीत. पण एवढ्या हुशार माणसांची एक चूक होती. शिपाई गठ्ठा कधी मोजत नसे. मी काकांना म्हणाले, पुढच्या वेळी मले त्यातला एक अंक काढून ठेवा. त्यांनी काऊन म्हणूनही विचारलं नाही.

दोन वर्षं मी दर आठवड्याला त्यांच्याकडे चक्कर मारली. माझी वयोमर्यादा संपायला थोडेच महिने राहिले होते, तेव्हा काकांनी पोत्याखालून घडी केलेला अंक काढून हातात दिला. तीच संस्था, पुन्हा लिपिकाचीच जागा, मूळ कागदपत्रांसह अमुक दिवशी हजर राहावे. मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. गावातल्या प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर ती जाहिरात चिकटवली आणि सापडेल त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

त्या दिवशी शाळेचं मैदान भरलं. मलकापूर, खामगाव, देऊळगावराजा, कुठून कुठून पोरंपोरी फायली घेऊन आल्या होत्या. ज्याची निवड ठरली होती तो नवा शर्ट घालून पेढ्यांचा डबा घेऊन आला होता. गर्दी पाहून त्यानं डबा पाठीमागे लपवला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

सचिवांनी मला एकटीला आत बोलावलं. हे माझंच काम, याचा वास त्यांना लागला होता. या वेळी माझ्यासाठी चहासुद्धा आला. आवाज एकदम मऊ. म्हणाले, ही जागा तुम्हालाच देतो, फक्त बाहेर जाऊन सांगा की मुलाखती पुढे ढकलल्या.

नोकरी मला हवीच होती. यानंतर अर्ज करायला वय उरणार नव्हतं. आईनं तर गजानन महाराजांना नवस बोलला होता. मी चहाचा घोट घेतला. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं, पण आधी विचारलं, "अन् बाहेर लांबून लांबून आलेत ते?"

"त्यांना कोण विचारतं?"

झालं. मी उठले. बाहेर पायरीवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, सही केल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, हजेरीचे कागद संपले तर वहीची पानं फाडा. पोरांनी पानं फाडली, सह्या केल्या आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. सचिव खिडकीतून बघत होते. मी सगळ्यात शेवटी सही केली, त्यांच्याकडे बघत, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

सह्यांचे ते फोटो जोडून तक्रार वर शिक्षण खात्याकडे गेली, चौकशी लागली आणि ती जागाच रद्द झाली. नव्या शर्टवाल्याला मिळाली नाही, मलाही नाही. माझं वय निघून गेलं. आता मी बसस्टँडजवळ दुसऱ्यांचे अर्ज भरून देते. तो अंक माझ्या दुकानात काचेत लावला आहे. गुरुजी रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूनं जातात.

आई अजून म्हणते, आपलं नाक कापून दुसऱ्याले अपशकुन केला या पोरीनं. म्हणू दे. नाक गेलं ते माझं, रोज आरशात मलाच दिसतं. पण अपशकुन झाला ना!