भांगेच्या चुऱ्याची भिंत

कोक-साय गावात तोक्तोसुनला नावानं हाक मारणारं माणूस एकच, त्याची बायको साइराकान, आणि तीसुद्धा फार चिडली तरच. बाकी उभं गाव त्याला ‘उस्ता’ म्हणे, म्हणजे हातात कसब असलेला माणूस. वयानं लहान असत ते आदरानं ‘उस्ताके’ म्हणत.

हा मान काही फुकट मिळाला नव्हता. चुई खोऱ्यातल्या वाखाच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं हौदांवर होता. भांग म्हटलं की बाहेरची माणसं डोळे मिचकावतात. त्यांनी खुशाल मिचकवावेत. कालव्याकाठी आपोआप उगवते ती वेगळी. कारखान्याची भांग दीड पुरुष उंच वाढे, तिचे दोर होत, पोती होत, ताडपत्र्या होत, आणि गरगरलंच तर ते फक्त हौदांच्या वासानं. त्या हौदांतल्या कोमट पाण्यात भांगेच्या मोळ्या बुडवायच्या आणि साल काडीपासून सुटू लागली की नेमक्या वेळी बाहेर काढायच्या. लवकर काढल्या तर वाख काडीला चिकटून बसतो, उशीर झाला तर कुजून जातो. ती वेळ सांगणं हे तोक्तोसुनचं काम. बाही कोपरावर सारून तो पाण्यात हात घाली, एक काडी उपसून मोडी, साल बोटांत चोळी आणि म्हणे, ‘‘झालं.’’ की लगेच साठ माणसं कामाला लागत. प्रयोगशाळेतल्या बाईंकडे यंत्र होतं, पण त्याही आधी उस्ताकडे बघत आणि मग यंत्राकडे. एकतीस वर्षांत त्याचं ‘झालं’ चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याच एका शब्दापायी पुढे एका पोरीचा संसार मोडायची वेळ आली, आणि चूक कुणाची हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

जुना देश मोडून नवा झाला आणि कारखान्याला कुलूप लागलं. यंत्रं भंगारात गेली. मागे उरला फक्त एक डोंगर, वाख काढून घेतल्यावर राहतो त्या काडीच्या पांढरट चुऱ्याचा. त्याला कुणी विचारत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात कोळसा आला नाही, तेव्हा तोक्तोसुननं पोतंभर चुरा घरी आणला, भिजवला आणि साइराकानच्या काठवटीत दाबून त्याच्या विटा पाडल्या.

‘‘या काठवटीत मी आता कणीक मळू का कारखाना?’’ साइराकान ओरडली.

‘‘आधी ऊब घे, मग ओरड,’’ तो म्हणाला.

विटा वाळल्या आणि चुलीत झकास पेटल्या. धूर कमी, राख मूठभर. महिन्याभरात अर्ध्या गावाच्या चुली त्या चुऱ्यावर चालू लागल्या आणि तोक्तोसुन पुन्हा छाती काढून चालायला लागला. बंद कारखान्याच्या माणसाला एवढं पुरतं. पण त्याला ते पुरलं नाही. चुन्यात कालवलेला चुऱ्याचा एक गोळा त्यानं वाळवून चुलीत टाकला, तर तो नुसता काळा पडला, पेटला नाही. वजनाला हलका, हाताला ऊबदार. मग चहाच्या दुकानात त्यानं जाहीर केलं की याची भिंत उभी राहील, आणि विटेच्या भिंतीपेक्षा गरम राहील.

त्याचा जुना दोस्त शामशी, जो थट्टा करताना गावात कुणालाच सोडत नसे, त्यानं चहाची वाटी खाली ठेवली. ‘‘उस्ता, मेंढ्यांनी घर खाल्लं तर राहायचं कुठं?’’

‘‘तुझ्या घराला मेंढी तोंड तरी लावते का?’’ तोक्तोसुन म्हणाला. सगळे हसले, पण हसताना बघत होते त्याच्याकडेच, आणि ते त्याच्या मनाला लागलं.

तशातच जीपार आली. जीपार विधवा, जिभेची तिखट, तालाय नावाचा एकुलता मुलगा. शरदात त्याचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्यासाठी खोली बांधायला विटा कुठंच मिळत नव्हत्या. ‘‘उस्ता, तुमची ती चुऱ्याची भिंत माझ्याकडे बांधा. माझी अब्रू तुमच्या हातात,’’ ती म्हणाली.

आमच्याकडे घर एकट्यानं बांधायचं नसतं, सारा गाव येतो. त्याला अशार म्हणतात. तीस-पस्तीस माणसं आली. कुणी चुना कालवला, कुणी चुरा ओतला, कुणी फळ्यांच्या साच्यात पायांनी तुडवून ठासला. जीपारनं कढईभर बोओरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले. दोन दिवसांत दीड वीत जाडीच्या चार भिंती उभ्या राहिल्या, पाचव्या दिवशी छप्पर चढलं. तोक्तोसुननं जीपारला बजावलं, ‘‘दोन महिने उघडी ठेव. आतलं पाणी सावकाश जाऊ दे. मग लिंपायचं.’’

पण नवरीचे आजोबा आजारी पडले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून लग्न अलीकडे ओढलं. भिंती बांधून जेमतेम एकोणीस दिवस झाले होते. घराला आशीर्वाद द्यायला गावातले सर्वांत वडीलधारे, नव्वदीचे किदीर आक्साकाल, यांना दोघांनी धरून आणलं. सगळा अशार अंगणात उभा. म्हाताऱ्यानं तळवे उचलले आणि उचललेलेच ठेवून विचारलं, ‘‘उस्ता, झालं का रे?’’

तोक्तोसुननं भिंतीला तळवा लावला. भिंत गार होती. वरून कोरडी, पण आतून मातीच्या नव्या घागरीसारखी गार. आयुष्यभर त्यानं पाणी आत मुरल्याची वेळ ओळखली होती, पाणी बाहेर पडल्याची वेळ ओळखायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. ही सबब नंतर त्यानं स्वतःला खूपदा सांगून पाहिली. ती पुरली नाही, कारण तळव्याला गारवा लागला होता आणि त्याचा अर्थ त्याला कळलाही होता. पण समोर आक्साकालचे थरथरते हात आशीर्वादाला उचललेले होते, आणि असे उचललेले हात आमच्यात कुणी रिकामे खाली ठेवायला लावत नाही. शिवाय कुंपणाशी शामशी उभा होता, गालातल्या गालात हसत.

‘‘झालं,’’ तोक्तोसुन म्हणाला.

‘‘ओमिन,’’ म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. त्यानंतर बोलायला वाव नव्हता. दुसऱ्या दिवशी भिंती लिंपल्या आणि लग्नघर म्हणून वर आतूनबाहेरून निळा ऑइलपेंट चढवला. रंगाच्या दुसऱ्या हाताला ब्रश तोक्तोसुननं स्वतः धरला. निदान तेव्हा तरी त्यानं तोंड उघडायला हवं होतं. त्यानं नाही उघडलं.

नवरी आली, एलनुरा. सडपातळ, कमी बोलणारी, कामाला वाघीण. रिवाजाप्रमाणे माहेरून गाद्या-दुलया घेऊन आली. आईनं दोन वर्षं खपून शिवलेल्या, लोकर ठासून भरलेल्या बावीस गाद्या. त्या नव्या भिंतीला टेकवून छपरापर्यंत चळत रचली आणि बायका बघायला येऊन गेल्या.

जानेवारीत चळत हलवली तर मागच्या बाजूनं गाद्या काळ्या पडलेल्या. हात लावला की ओल, नाक लावलं की कुजका वास. एलनुराला तोवर खोकला लागला होता, सुका, थांबवता न थांबणारा. जीपारला दोन्हींचा अर्थ एकच लागला. विहिणीनं ओल्या गाद्या दिल्या आणि आजारी पोर खपवली.

‘‘हिच्या आईनं गाद्यांत लोकर भरली का बेडकं?’’ ती कालव्यावर, दुकानात, चुलीपाशी, जिथं दिसेल तिथं म्हणे. ‘‘भिंत तर उस्तानं बांधलीय!’’

तालाय आईपुढे जमिनीकडे बघण्यापलीकडे काही करत नसे. शेवटी जीपारनं तोक्तोसुनलाच बोलावलं. चहा ठेवला, लोणी ठेवलं, सुनेला समोर उभं केलं.

‘‘तुम्हीच सांगा उस्ता. दोष भिंतीचा का हिचा?’’

तोक्तोसुन भिंतीपाशी गेला. हात लावायचीसुद्धा गरज नव्हती. जवळून निळ्या रंगावर पाण्याचे बारीक थेंब दिसत होते. तरी त्यानं तळवा टेकवला, कारण सगळे तेच बघायला थांबले होते. आता सांगावं तर जीपारचं घर, आक्साकालचा आशीर्वाद, त्याचं स्वतःचं एकतीस वर्षांचं नाव, सगळंच एका शब्दात खाली येत होतं. न सांगावं तर फक्त एक परकी पोर. त्यानं हा हिशेब केला, आणि केला याची लाज त्याला आयुष्यभर पुरली.

‘‘भिंतीला काय धाड भरलीय?’’ तो म्हणाला. ‘‘चूल दोन वेळा पेटवत जा, पोरी. खिडकी उघडत जा.’’

‘‘बरं, उस्ताके,’’ एलनुरा म्हणाली आणि त्याची वाटी भरून दिली.

त्या दिवसापासून तो नुसत्या चहावर राहू लागला. सून रस्त्यात भेटली की हात छातीशी धरून कमरेत वाकायची, मोठ्या माणसापुढे वाकावं तशी, आणि वाकताना खोकायची. तो रस्ता बदलू लागला. कालव्याऐवजी लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागला. चुऱ्याच्या विटा पाडणंही त्यानं सोडलं.

‘‘तोक्तोसुन!’’ एक दिवस साइराकान म्हणाली, आणि नाव ऐकूनच तो दचकला. ‘‘महिना झाला, मांस पुढ्यात ठेवलं तरी तू चहा पितोस. कुणाचं काय खाल्लंयस?’’

त्यानं सांगितलं. सगळं नाही, अर्धं. उरलेलं अर्धं तिनं स्वतः जुळवलं.

‘‘मग माझ्यापाशी काय कण्हतोस?’’ ती म्हणाली. ‘‘मी काय त्या घरची सासू आहे?’’

तरी तो गेला नाही. आज जातो, उद्या जातो म्हणता म्हणता बर्फ वितळलं, जर्दाळू फुलले. मग एका सकाळी साइराकान दूध घालून परत आली ती दारातच उभी राहिली. ‘‘जीपारनं विहिणीला बोलावून घेतलंय. पोरगी परत घेऊन जा म्हणते. गाद्यांसकट.’’

आमच्यात सून परत पाठवली की तिच्याकडे पुन्हा कुणी सरळ नजरेनं बघत नाही. आजारी म्हणून पाठवली तर तिच्या धाकट्या बहिणींकडेही नाही. तोक्तोसुननं कोपऱ्यातली पहार उचलली आणि टोपी न घालता निघाला.

जीपारच्या अंगणात बावीसच्या बावीस गाद्या पसरल्या होत्या, काळी बाजू वर. कुंपणाशी शेजारीपाजारी जमले होते, शामशीही होता. मधोमध एलनुराची आई, दूरच्या गावाहून सकाळच्या बसनं आलेली, लाल तोंडानं उभी होती आणि जीपार एकेक गादी दाखवून विचारत होती, ही कुठल्या डबक्यात भिजवली, ही कुठल्या. तालाय गाडीला घोडा जुंपत होता.

तोक्तोसुननं कुणाला सलामही केला नाही. सरळ भिंतीपाशी गेला आणि पहार मारली.

‘‘अहो उस्ता! वेड लागलं का?’’ जीपार किंचाळली.

त्यानं आणखी दोन घाव घातले. निळ्या रंगाचा पापुद्रा लिंपणासकट खाली आला. त्यानं आत हात घालून मूठभर चुरा काढला आणि सगळ्यांसमोर पिळला. बोटांतून काळं पाणी गळलं.

‘‘ओली होती,’’ तो म्हणाला. ‘‘आशीर्वादाच्या दिवशीच ओली होती. माझ्या हाताला कळलं होतं. मी खोटं बोललो.’’

शामशी कुंपण सोडून पुढे आला आणि खाली पडलेला चुरा त्यानंही मुठीत दाबून पाहिला.

‘‘हिवाळ्यात तू विचारलंस, तेव्हा परत खोटंच बोललो. या पोरीवर ढकललं. गाद्या चांगल्या होत्या. पोरगी चांगली आहे. आतून ओल आणि वरून मी रंग फासला, म्हणून तिला खोकला झालाय. मी आजारी पाडली तिला.’’ हे सगळं त्यानं जीपारला सांगितलं, कारण एलनुराकडे बघण्याची त्याची हिंमत नव्हती.

‘‘तुम्ही, उस्ता?’’ जीपार म्हणाली. सुनेकडे तीही बघू शकली नाही. एलनुराची आई मात्र खाली वाकली आणि गाद्यांच्या घड्या घालू लागली.

‘‘मला माहीत होतं,’’ एलनुरा म्हणाली.

आता तोक्तोसुनला वर बघावंच लागलं.

‘‘हिवाळ्यात त्या दिवशी भिंतीला हात लावल्यावर तुम्ही तो पँटीला पुसलात, उस्ताके. कोरड्या भिंतीला हात लावून कुणी हात पुसत नाही.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘कुणापुढे? तुम्ही बोलून बसला होतात.’’ तिला खोकल्याची उबळ आली. तालाय गाडी सोडून पुढे आला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत बायकोच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

‘‘सगळा रंग मी खरवडतो,’’ तोक्तोसुन घाईघाईनं म्हणाला. ‘‘दोन्ही बाजूंनी. एकट्यानं. उन्हाळाभर भिंत उघडी ठेवू, वरून नुसता चुना मारू. शरदापर्यंत खडखडीत होईल. मी स्वतः येईन सांगायला.’’

एलनुरानं डोक्यावरचा पांढरा रुमाल सारखा केला. ‘‘तोवर मी आईकडे राहते, श्वास नीट होईपर्यंत. आजारी म्हणून नाही, पाहुणी म्हणून. भिंत वाळली की निरोप पाठवा, मी येईन.’’ आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसलं नाही. ‘‘फक्त वाळली का नाही ते तुम्ही नका ठरवू, उस्ताके. दुसऱ्या कुणाला तरी हात लावून बघू दे.’’

एवढं बोलून ती छातीशी हात धरून त्याच्यापुढे वाकली, नेहमीसारखीच, आणि आईला गाद्या उचलू लागायला गेली.