गव्हाणच्या चिखलाचा प्रस्ताव

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही. आणि यांना मी काय सांगत नाही? कोथिंबीर महाग झाली इथपासून ते बँकेतल्या बाईनं मला आजी म्हटलं इथपर्यंत सगळं सांगते. पण हे एक — नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता निवृत्त होऊन वर्ष झालं, खांदा कॉलनीतल्या या घरात दुपारी कुणी नसतं, आणि मनात तीच तीच गोष्ट फिरत राहते, म्हणून असेल.

मी पनवेलच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवत होते. शेवटची काही वर्षं विभागप्रमुख होते, आणि कॉलेजच्या संशोधन समितीची समन्वयकही. हे पद ऐकायला मोठं वाटतं, काम मात्र टपालाचं. युनिव्हर्सिटी दर वर्षी परिपत्रक काढते — शिक्षकांनी छोट्या संशोधन प्रकल्पांसाठी प्रस्ताव पाठवावेत. शिक्षक प्रस्ताव लिहितात, समन्वयकाकडे देतात. समन्वयक बघते, प्राचार्यांची सही घेते, पाकीट युनिव्हर्सिटीत पाठवते. तिथे तज्ज्ञ वाचतात, निवडक लोकांना बोलावून प्रश्न विचारतात, आणि मग मंजुरीचं पत्र येतं. त्या पैशातून उपकरणं घ्यायची, फिरायचं, नमुने तपासायचे, अहवाल द्यायचा.

मला या पद्धतीबद्दल आजही आदरच आहे, हे आधी सांगायला हवं. आमच्यासारख्या कॉलेजात, जिथे मायक्रोस्कोपचा बल्ब गेला तरी महिनाभर अर्ज फिरतो, तिथल्या एखाद्या बाईचा कागद कुणीतरी लांब बसून मन लावून वाचतं, तिला हाक मारतं, ही लहान गोष्ट आहे का? पुढे जे झालं त्यात युनिव्हर्सिटीचा काही दोष नव्हता. तिच्यापर्यंत कागद पोचलाच नाही, तर ती काय करणार?

प्रणाली घरत आमच्या विभागात लागली तेव्हा तिशीचीही नव्हती. गव्हाणची मुलगी. उलव्याकडे जाताना जे गव्हाण लागतं, तिथली. घरातली पहिलीच शिकलेली. वडील लवकर गेले. आई ओहोटीच्या वेळी खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलात उतरून खुबे, शिंपल्या, निवट्या गोळा करायची आणि पनवेलच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. त्या पाटीवर प्रणाली एम.एस्सी. झाली. हे ती अगदी सहज सांगायची. लाजून नाही, मिरवूनही नाही.

त्या वर्षीचं परिपत्रक आलं आणि प्रणालीनं प्रस्ताव लिहिला. विषय — गव्हाणच्या खाजणात बायका हातानं जे जे जीव गोळा करतात, त्यांची नोंद. कुठल्या ओहोटीला काय सापडतं, कुठल्या महिन्यात काय सोडून द्यायचं, कुठला जीव कमी झालाय. आईनं तिला एकेका शिंपलीचं नाव सांगितलेलं. पुस्तकात एकच जात म्हणून दिलेल्या जिवांना आईकडे तीन-तीन नावं होती, कारण आईच्या मते ते तीन वेगळे जीव होते. प्रणालीनं लिहिलं होतं, आई बरोबर असण्याची शक्यता आहे, तपासायला हवं.

ती फाईल मी घरी आणून वाचली. आधी आनंद झाला — खरंच झाला, हे खोटं सांगत नाही. अशी सहकारी आपल्या विभागात आहे म्हणून. मी मधेच उठून चहा ठेवला. चहा होईपर्यंत तो आनंद कुठे गेला?

कारण माझाही प्रस्ताव त्याच वर्षी होता. पनवेलच्या तळ्यांच्या पाण्याची तपासणी. हा विषय आमच्या भागात इतक्या जणांनी केलेला होता, की बाटल्याही त्याच आणि निष्कर्षही तेच. मला तो करायचा होता कारण पदोन्नतीसाठी एक मंजूर प्रकल्प लागत होता. आधी दोनदा माझं नाव पदोन्नतीच्या यादीत आलं नव्हतं. आता एकाच विभागातून दोन प्रस्ताव गेले, तर तज्ज्ञ कोणता उचलतील? एकच उचलतील असा नियम नव्हता. मी परिपत्रक पुन्हा पुन्हा वाचलं, कुठेच नव्हता. तरी मी तो मनात तयार केला.

आणि मग — किती आढेवेढे घेतेय मी.

मी तिची फाईल पाठवली नाही. शेवटच्या दिवशी शिपायाच्या हातात एकच पाकीट दिलं, माझं. तिची फाईल प्रयोगशाळेच्या कपाटात, खालच्या खणात, मुलांच्या जुन्या जर्नलांखाली ठेवली. दुपारी ती स्टाफरूममध्ये भेटली. "मॅडम, गेलं ना पाकीट?" मी म्हटलं, "गेलं." ते वाक्य खोटंसुद्धा नव्हतं. पाकीट गेलंच होतं.

मला मुंबईला बोलावणं आलं. समोर तीन तज्ज्ञ होते. त्यातल्या एक वयस्कर बाई माझा प्रस्ताव चाळून म्हणाल्या, "तळी ठीक आहेत. पण तुम्ही खाडीच्या इतक्या जवळ आहात. तुमच्याकडे कुणी खाजणांवर काम करत नाही का? आम्ही अशा प्रस्तावाची वाटच बघतोय."

तेव्हा सांगता आलं असतं. फाईल राहून गेली म्हटलं असतं तरी चाललं असतं, अशा चुका होतात. त्या बाईंचा चेहरा इतका उत्सुक होता! मी म्हटलं, "नाही मॅडम. सध्या तरी कुणी नाही."

मला प्रकल्प मिळाला. प्रणालीला काय सांगायचं ते मी येतानाच ठरवलं होतं. तिला म्हटलं, तुझं नाही झालं गं, विषय त्यांना फार स्थानिक वाटला. जे त्यांना हवं होतं, नेमकं तेच मी नकाराचं कारण करून तिला दिलं. ती हसली.

"आईला सांगते, तुझा चिखल युनिव्हर्सिटीत नापास झाला."

दुसऱ्या दिवशी तिनं पेढे आणले — माझ्या मंजुरीचे. सगळ्या स्टाफला स्वतः वाटले.

त्याच वर्षी यांना हृदयाचा त्रास झाला. दवाखाना, ऑपरेशन, मग दोन महिने घरी. माझ्या तासिका कोण घेणार? प्रणालीनं घेतल्या. तळ्यांच्या पाण्याचे नमुने दर पंधरवड्याला काढायचे होते, ते कोण काढणार? स्कूटरवर पायाशी बाटल्यांचा क्रेट ठेवून ती तळ्यांवरून फिरली. ज्या वर्षात ती स्वतःच्या खाजणात उभी राहिली असती, ते वर्ष तिनं माझ्या बाटल्या भरण्यात घालवलं. संध्याकाळी येताना यांच्यासाठी बिनमिठाची भाजी आणायची. हे अजून म्हणतात, "त्या पोरीनं मला उभं केलं." मी मान हलवते. खरंच आहे ते.

हे बरे झाल्यावर तिनं आम्हाला गव्हाणला जेवायला बोलावलं. तिच्या आईनं कालवांचं कालवण केलं होतं, तांदळाची भाकरी. जेवण झाल्यावर आई मला खाजण दाखवायला घेऊन गेली. ओहोटी लागली होती. साडी वर खोचून ती गुडघाभर चिखलात उतरली, हात घातला आणि बघता बघता मूठभर शिंपल्या काढल्या. एकेक माझ्या तळहातावर ठेवून नाव सांगत गेली. मी प्राणीशास्त्राची विभागप्रमुख, मला त्यातल्या दोन ओळखू आल्या.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, प्रस्ताव मंजूर झाला असता तर बरं झालं असतं.

"नाय झाला तं नाय झाला, बाई," ती म्हणाली. "तुमी वाचला ना? आमच्या चिखलाचा कागद कोनी तरी वाचला, येवडंच लय हाय."

मी वाचला होता. तेवढं मात्र खरं होतं. तिनं मला निघताना शिंपल्यांची पिशवी बांधून दिली. ती मी घरी आणली, शिजवली, आणि आम्ही दोघांनी खाल्ली.

पुढच्या वर्षी प्रणाली म्हणाली की तोच प्रस्ताव सुधारून परत देते. पण तोवर रस्त्याच्या कामासाठी खाजणात भराव पडायला लागला होता. मुरमाचे डंपर दिवसभर. काही महिन्यांत आई जिथे उतरली होती तिथे सपाट, लाल जमीन झाली. भराव थांबवणं तिच्या प्रकल्पाच्या हातात नव्हतं, हे मला कळतं. पण नोंद झाली असती. कुठे काय होतं, कोण काय म्हणत होतं, हे कुठेतरी राहिलं असतं. प्रणाली एकदाच म्हणाली, "मागच्या वर्षी झालं असतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं. माझ्यावर संशय? छे. तिच्या मनात तो आलाच नाही.

मग तिनं विषय बदलला. करंजाच्या बंदरात मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या कामावर नवा प्रस्ताव लिहिला. तो घेऊन मी स्वतः युनिव्हर्सिटीत गेले, पोच घेऊन आले, शिक्का बसेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिले. तो मंजूर झाला. त्यातूनच पुढे तिची पीएच.डी. झाली. कॉलेजात सगळे म्हणाले, मॅडमनी किती केलं तिच्यासाठी. काय केलं मी? एका खिडकीपाशी उभी राहिले. ते आधीच्या वर्षीही करता आलं असतं.

जुनी फाईल? कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती म्हणून आम्ही कपाटं रिकामी केली. रद्दीवाला जर्नलांचे गठ्ठे बांधत होता. तिची निळी फाईल मधे दिसत होती. मी दोन पावलांवर उभी होते. त्यानं सुतळी आवळली, गाठ मारली. गठ्ठा जिन्यावरून खाली गेला.

तिची आई नंतर तीन वर्षांनी वारली. टाईप केलेली नावांची यादी प्रणालीकडे आहे. पण कोणतं नाव कोणत्या जिवाचं, हे जिथे उभं राहून दाखवायचं ती जागा नाही, आणि दाखवणारीही नाही. आई तीन म्हणत होती आणि पुस्तक एक म्हणत होतं, त्यात कोण बरोबर होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

माझ्या निरोप समारंभात प्रणालीनं आपल्या प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान वाचून दाखवलं. पहिला प्रस्ताव नाकारला गेला तेव्हा मला खचू न देणाऱ्या मॅडम, असं तिनं लिहिलं होतं. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. मी शाल पांघरून बसले होते. मला रडू आलं, आणि सगळ्यांना ते फार योग्य वाटलं.

मला मिळालेली प्रत्येक चांगली गोष्ट मोजायला घेतली तर ती त्या मुलीच्या हातून आलेली निघते. यांची तब्येत, माझा पूर्ण झालेला प्रकल्प, पदोन्नती, कॉलेजातलं माझं नाव. तिच्या आईच्या हातचं कालवण. एवढं कुणी कुणाला देतं का? मला दिलं. मी रोज आठवते आणि रोज कृतज्ञ असते. ही कृतज्ञता खरी आहे. ती त्या कपाटाच्या खणाला झाकत नाही.

आता संशोधन समितीची समन्वयक प्रणाली आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. विभागातल्या एका नव्या मुलीचा प्रस्ताव आहे, मॅडम, पाठवण्याआधी तुम्ही एकदा वाचाल का? तुमच्यासारखं वाचणारं आमच्याकडे कुणी नाही.

माझ्या हातात पुन्हा एक फाईल येणार होती. मी म्हटलं, नको गं, हल्ली डोळ्यांना त्रास होतो, अक्षरं दिसत नाहीत. हेही खोटंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात प्रणाली. नवीन पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन आली होती, कॉलेजला अर्धी रजा टाकून.

"मॅडम, असं अंगावर काढायचं नसतं. चला, खाली रिक्षा थांबलीय."

मी गेले. काय सांगणार होते? दवाखान्यात ती माझी पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसली. डॉक्टरांनी एक डोळा झाकायला सांगितला, मग दुसरा. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मी वाचत गेले. सगळ्यात खालची, बारीक ओळसुद्धा.

"या वयात इतकी स्वच्छ नजर कमी जणांची असते," डॉक्टर म्हणाले.

प्रणालीनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. तिला इतका आनंद झाला! बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला आणि मला एकेक पायरी सांगत, सावकाश, जिना उतरवला. मी तिला उतरवू दिलं.