सारवलेला कोपरा
ओल्या शेणाचा वास आला की काचेची ती मोठी पेटी आठवते. सासरे अंथरुणाला खिळले, त्यांचं रोजचं नदीवर जाणं सुटलं, म्हणून यांनी मासे पाळायची पेटी मुंबईहून आणवली. मातीची जमीन उंचसखल. सासऱ्यांच्या खाटेजवळच्या कोपऱ्यात पेटीसाठी लाकडी घडवंची मांडली, तिच्या एका पायाखाली खापराचा तुकडा सारून यांनी ती सरळ केली आणि मासे आणायला गेले. नवी वस्तू घरात आली म्हणून मी घडवंचीखाली भरपूर पाणी घालून सारवून ठेवलं. संध्याकाळी पेटी भरून मासे सोडले, तोच भिजल्या मातीत घडवंचीचा एक पाय खचला. पेटी कलंडून फुटली. मासे खाटेखाली तडफडत राहिले. सासरे म्हणाले, "काहून रडून राह्यली माय? नदीच आली न घरात." मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते शेवटपर्यंत पुन्हा वळवलं नाही. आता घरात फरशी आहे. तो कोपरा मी अजून कोरड्या फडक्यानेच पुसते.