हा आणि हां

पाचवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचं समूहगीत होतं. तालमीच्या दुसऱ्या दिवशी गाण्याच्या बाई ओळींमधून फिरत फिरत माझ्यापाशी थांबल्या, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तू उंच आहेस ना, मागच्या ओळीत उभी राहा. आणि नुसते ओठ हलव." मी हलवले. कार्यक्रम संपल्यावर बाबा म्हणाले, "तुझा आवाज काय सुरेख लागला होता गं." त्यांना खरं सांगायचं अजून राहूनच गेलं आहे.

तेव्हापासून मी ओठच हलवते आहे. राष्ट्रगीत, आरत्या, केक कापतानाचं गाणं, सगळीकडे. या कलेत मी इतकी तरबेज आहे की गाणारे जिथे श्वास घेतात तिथेच मीही घेते. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याची समजूत अशी की मी फार हळू आवाजात गाते. त्याने ती समजूत करून घेतली आणि मी ती मोडली नाही.

तर अशा बाईने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत, आयरिश लोकसंगीताच्या वर्गात नाव का घालावं? लोकांना मी सांगितलं की योगाचा वर्ग भरला होता. ते खोटं नव्हतं. आमच्या भागात प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग चालतात, त्यात योगाला जर्मन बायकांची ही गर्दी, आणि मला माझ्याच देशातली गोष्ट मिळेना. जागा शिल्लक होती ती फक्त 'पाच जणांचा छोटा गट, आयरिश पत्र्याची बासरी, पूर्वतयारी नको' इथे. पण खरं सांगायचं तर योगाचा वर्ग रिकामा असता तरी मी बासरीच घेतली असती. मला वाजवायचं होतं. आणि इथे माझं पूर्वचरित्र कुणाला माहीत नव्हतं.

आमचे शिक्षक धंद्याने सुतार. जर्मनच, पण तरुणपणी बारा वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर खिडक्या-दारं करत राहिलेले, आणि येताना फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, आणि शेकडो चाली घेऊन आलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, इथे सगळे एकमेकांना 'दू' म्हणतील. म्हणजे अरे-तुरे. ते मला सहज 'दू' म्हणत, पण शिकवणाऱ्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ वळेना. म्हणून मी 'दू' नाही आणि 'तुम्ही'ही नाही अशी कर्त्याशिवायची वाक्यं तयार करायचे. त्यांना वाटत असावं की माझं जर्मन कच्चं आहे.

गटात मी, एक निवृत्त परिचारिका आणि युनिव्हर्सिटीतले तिघे विद्यार्थी. वर्गात कागद नाही, पुस्तक नाही. सुतारबुवा एक छोटा तुकडा वाजवणार, आम्ही तो तसाच परत वाजवायचा, पुन्हा ते, पुन्हा आम्ही, जमेपर्यंत. मग पुढचा तुकडा. ऐकायचं आणि वाजवायचं, ही तालीम मला ओळखीची वाटली. आम्ही वाजवत असताना ते मागून फिरायचे, पायाने ताल धरून, आणि कुणाच्या तरी खांद्यापाशी येऊन एखादा शब्द टाकायचे.

माझ्यापाशी आले की म्हणायचे, "हा."

अगदी हळू, कानाशी. "हा... हा." अंगावरून मोरपीस फिरावं तसं व्हायचं मला. आपल्याकडे गाणं शिकवणारे असंच तर म्हणतात, हां, हां, असंच, पुढे चल. पाचवीपासून मी या एका शब्दाची वाट पाहत होते, आणि तो मला इथे, एका सुताराच्या तोंडून ऐकायला मिळत होता. इतरांना ते फारसं काही म्हणत नसत. मला मात्र भरभरून.

बुधवारी घरी आले की नवरा पोळ्या लाटता लाटता विचारायचा, "आज किती हां?"

"सात."

"गेल्या बुधवारी पाच होते ना? प्रगती आहे."

आमची मुलगी, वय अकरा, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तरं जर्मनमध्ये देते. ती शाळेत बासरी शिकलेली आहे. ती एकदाच दारात येऊन ऐकून गेली, "कोमिश" म्हणजे विचित्र, एवढंच बोलली आणि आपल्या खोलीचं दार लावून बसली. मला वाटलं, लेकराला आईचं कौतुक पाहवत नाही.

पाचव्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर ट्रामच्या थांब्यावर ती परिचारिका माझ्याबरोबर उभी होती. भली बाई. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "या 'हा'ने तुला फार छळलंय, नाही? पण होईल गं. मलाही सुरुवातीला जड गेला."

मी हसले. छळलंय कसलं, म्हटलं, मला तर आवडतं ते. तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. मग पिशवीतून एक कागद काढला. नातवाला शिकवायला तिने बासरीची सात चित्रं काढून, प्रत्येकात झाकायची भोकं रंगवून, पुढे सुराचं नाव लिहिलं होतं. डे, ए, फिस, गे, आ, हा, त्सिस.

मी तो कागद ट्राम येईपर्यंत पाहत राहिले. मला पुण्यात शाळेत शिकवलं होतं की इंग्रजी ए नंतर, म्हणजे यांच्या 'आ' नंतर, बी येतो. जर्मन लोकांच्या संगीतात बी हा वेगळाच, कोमल सूर आहे, आणि जिथे सगळं जग बी म्हणतं तिथे हे एच म्हणतात. त्यांचा एच म्हणजे 'हा'. तो वाजवायला फक्त पहिलं बोट भोकावर ठेवायचं असतं. मी तेही बोट उचलत होते. दर वेळी. आणि तो बिचारा माणूस दर वेळी माझ्या कानाशी येऊन सांगत होता की हा वाजव, हा.

पाच आणि सात या चुका होत्या. मी त्या मोजून, मिरवत घरी नेल्या होत्या. ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम, आणि चौदा वर्षं ते करून माझी ही कथा. त्या रात्री नवऱ्याने विचारलं, "किती हां?" मी म्हटलं, "आज मोजले नाहीत."

पुढचे तीन बुधवार मी काय केलं ते सांगायला नको. बासरीत तर ओठ हलवण्यापेक्षाही सोपं असतं. बासरी तोंडाला लावायची, बोटं बरोबर नाचवायची आणि फुंकर मारायचीच नाही. चौघांचा आवाज खोली भरून टाकायला पुरेसा होता. सुतारबुवांनी माझ्यापाशी येऊन 'हा' म्हणणं बंद केलं. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. घरी मी सरावाच्या नावाखाली दार लावून मोबाइल बघत बसायचे.

आणि मग त्यांनी जाहीर केलं की डिसेंबरच्या एका रविवारी दुपारी चर्चच्या छोट्या सभागृहात कॉफी, केक आणि आमचं वादन. घरच्यांना घेऊन या. आयरिश लोकांची पद्धत अशी की एकाने चाल सुरू करायची आणि ओळख पटली की बाकीच्यांनी त्यात यायचं. "तर, प्रत्येकाने एक चाल सुरू करायची," ते म्हणाले. "पहिली फेरी एकट्याने. मग आम्ही येतोच."

पहिली फेरी एकट्याने.

जर्मनीत कशातूनही बाहेर पडायचं तर रीतसर अबमेल्डुंग द्यावं लागतं. घर सोडताना, विमा सोडताना, शाळेचं जेवण बंद करताना. मीही 'कौटुंबिक कारणामुळे' असं लिहून, सही करून, तारीख घालून एक कागद तयार केला आणि पुढच्या बुधवारी वर्गाच्या वीस मिनिटं आधी गेले. ते एकटेच होते, खुर्च्या मांडत. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाले,

"तू तर तीन आठवड्यांपूर्वीच गेलीस. मग हे आज का?"

मी एक खुर्ची उचलून ओळीत लावली.

"पाच बासऱ्या आणि चार बासऱ्या वेगळ्या ऐकू येतात," ते म्हणाले. "मला वाटलं दाताचं काही झालं असेल. म्हणून विचारलं नाही."

बत्तीस वर्षं. शाळा, कॉलेज, मांडव, मंडळं, लग्नघरं. इतक्या वर्षांत माझा आवाज त्यात नाही हे एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही, आणि मग माझ्या मोडक्या, कर्ता नसलेल्या जर्मनमध्ये मी त्यांना सगळं सांगितलं. गाण्याच्या बाई, मागची ओळ, आणि तो 'हां'.

"थांब," ते म्हणाले. "तुमच्यात 'हा' म्हणजे काय?"

"हा नाही. हां. नाकातून. म्हणजे... या, गेनाऊ. असंच, बरोबर, पुढे."

ते खुर्चीवर बसले. हसतील असं मला वाटलं होतं, पण कपाळाला हात लावून बसले. "म्हणजे तू चुकायचीस, मी सांगायचो, आणि तुला वाटायचं मी शाबासकी देतोय. आणि तू खूश होऊन आणखी जोरात चुकायचीस." त्यांनी चष्मा काढला. "मी म्हणायचो, काय धीराची बाई आहे, इतक्यांदा टोकलं तरी हसते."

मग मात्र आम्ही दोघंही हसलो. हसू थांबल्यावर त्यांनी माझं अबमेल्डुंग फिडलच्या पेटीत, जुन्या तारांच्या पाकिटाखाली ठेवलं. "आजपासून तुला मी 'हा' म्हणणार नाही. चुकलीस तर 'एक बोट' म्हणेन. आणि तुझा तो दुसरा शब्द बरोबर असेल तेव्हाच." त्यांनी तो म्हणून पाहिला. हाँग झाला. पुन्हा म्हणून पाहिला. मी नाकाला बोट लावून दाखवलं, इथून, इथून. वर्ग सुरू व्हायच्या आधी त्या दिवशी शिकवणी माझी होती.

मग मी घरी दार उघडं ठेवून वाजवू लागले. मुलगी येऊन माझं पहिलं बोट दाबून धरायची आणि न बोलता निघून जायची. वर्गात त्या माणसाने पुढचे दोन बुधवार 'एक बोट, एक बोट' म्हणून माझा पिच्छा पुरवला. दुसरा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. मला राग यायचा. खोटं बोलायला काय जातं यांचं, असंही वाटायचं.

रविवारी सभागृहात तीसेक माणसं होती. नवरा दुसऱ्या ओळीत, मांडीवर केकची बशी. मुलगी त्याच्या शेजारी, ओळख न दाखवण्याच्या तयारीत. माझी पाळी तिसरी. बासरी तोंडाला लावली तेव्हा सवयीने फुंकर घशातच अडली आणि बोटं आपली नाचायला लागली. एक क्षणभर मी पुन्हा मागच्या ओळीत होते. पण मागे ओळच नव्हती. बाकीचे चौघे वाद्यं खाली धरून माझ्याकडे पाहत होते आणि खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं.

मी थांबले, श्वास घेतला आणि फुंकले.

पहिला 'हा' चुकला. तो चांगला कर्कश चुकला, सभागृहभर. आकाश कोसळलं नाही. समोरच्या ओळीतल्या आजोबांनी कॉफीचा घोट घेतला. मी तशीच पुढे गेले, चाल वळून पुन्हा त्या जागेवर आली आणि या खेपेला पहिलं बोट बसलं. तो सूर साधा, सरळ, भोकातून बाहेर आला, माझाच. आणि माझ्या मागून, फिडल खांद्याला लावता लावता, अगदी हळू, नाकातून कुणीतरी म्हणालं, "हां."

मग सगळे आले. पाच बासऱ्या आणि एक फिडल. माझ्या खांद्यांवरून काय उतरलं ते मला नीट सांगता येत नाही, पण इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

परतताना ट्राममध्ये मुलगी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "आई, दू वार्स्ट रिष्टिश लाउट." तू चांगलीच मोठ्याने वाजवत होतीस. ही तक्रार की कौतुक ते मी विचारलं नाही.

नवऱ्याने उरलेल्या केकचा डबा मांडीवर नीट ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "मग? आज किती हां?"

"एक," मी म्हटलं.

"एकच?"

"एकच. पण खरा."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तू आरती इतकी हळू का म्हणतेस गं?" आणि दोन थांबे जाईपर्यंत मी त्याला पाचवीपासूनचं सगळं सांगून टाकलं.