सहा आठवड्यांचा दाखला

ती कारखान्यात रबरी हातमोजे तपासायची. मोजा हवेने फुगवायचा, दिव्यासमोर धरायचा, बोटांच्या बेचक्यात टाचणीएवढं भोक दिसलं तरी बाजूला टाकायचा. अठरा वर्षं हेच काम. बरोबरच्या बायका तिला 'दुर्बीण' म्हणायच्या.

वडिलांच्या पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली, तेव्हा तिने घरच्यांच्या आजारपणासाठी मिळणारी रजा मागितली. घरात दोघंच, आणि त्यांना कुशीवर वळवायलाही माणूस लागायचं. डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला, पण 'किती दिवस' या रकान्यात लिहिलं, 'सांगता येत नाही.' कचेरीतल्या कारकुनाने तो परत केला.

"ताई, इथे आकडा लागतो. त्याशिवाय साहेब सही करत नाहीत."

"माणूस किती दिवस जगेल याचा आकडा?"

कारकून मान खाली घालून म्हणाला, "मी फक्त रकाने बघतो."

ती पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई पेन हातात धरून नुसत्याच बसल्या. वडील तिथेच भरती होते, खाटेवरून सगळं ऐकत होते. शेवटी तेच म्हणाले, "लिहा सहा आठवडे. जन्मभर बस चालवली, कधी वेळ चुकवली नाही."

बाईंनी सहा आठवडे लिहिले.

रजा मंजूर झाली आणि तिने त्यांना घरी आणलं. अंग पुसणं, चमच्याने पाणी पाजणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवणं. पाचव्या आठवड्यात कॅलेंडरकडे बघताना तिच्या मनात येऊ नये ते आलं. ती मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

बेचाळिसाव्या दिवशी ते बारीक आवाजात म्हणाले, "उशीर होतोय गं माझ्याकडून."

"बाबा, असं बोलू नका हो!"

पण कॅलेंडर त्यांच्याही समोरच होतं.

मुदत वाढवायची तर नवा दाखला हवा, त्यासाठी पुन्हा तपासणी आली. त्यांना तीन जिने उतरवणं शक्य नव्हतं, आणि डॉक्टरीणबाई आठवडाभर परगावी. कारकुनाने फोनवर सांगितलं, "तोवर कामावर या ताई, नाहीतर गैरहजेरी लागेल." गैरहजेरीपायी नोकरी गेलेल्या दोघी तिने पाहिल्या होत्या. शेजारच्या काकूंना वडिलांजवळ बसवून ती कामावर गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाने येऊन सांगितलं, "घरून फोन आहे." ती समजली. हातातला मोजा तिने दिव्यासमोर धरला, पाचही बोटं नीट पाहिली, मगच उठली.

सगळं उरकल्यावर ती आणि काकू त्यांचं अंथरूण काढत होत्या.

"काकू, मी दिवस मोजत होते," ती म्हणाली. "ते जिवंत असताना."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

"धर घट्ट," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूच्या वेळी मीही मोजले होते."