आधी मेन, शेवटी स्टीअरिंग

पुणे शहरात विजेवर सगळ्यांत कमी विश्वास असलेला माणूस म्हणजे आमचे घरमालक काका, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. बाकी फारशा गोष्टी मला छातीठोकपणे सांगता येत नाहीत. मी वाशीमकडच्या एका गावातून शिकायला पुण्यात आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे आपलं कुठे काही चुकत तर नाही ना, ही धाकधूक कायम मनात असते. वारज्यात काका-काकूंच्या फ्लॅटमधली मागची खोली भाड्याने मिळाली तेव्हा वाटलं, आता जरा जिवाला स्वस्थता लाभेल. पण त्या घरात माझ्यापेक्षा जास्त धाकधूक असलेला माणूस आधीच राहत होता. आमच्या गावाकडे वीज कधी येणार याची काळजी असते. काकांना ती आहे, याचीच काळजी असायची. पहिल्याच आठवड्यात मी जेवताना सहज म्हणालो, "आमच्याकडे लाईन रात्रीच येते." काका म्हणाले, "लाईन नव्हे, वीज म्हणावं. आणि ती आली म्हणून आनंद मानू नये. ती काय करायला आली आहे ते आधी बघावं."

या सगळ्या काळजीचं मूळ हॉलच्या कोपऱ्यात होतं. तिथे शोकेस असायला हवं त्या जागी लोखंडी सांगाड्यावर बसवलेली एक खोल सीट होती, पायाशी पेडल, समोर मोटारीचं असतं तसं स्टीअरिंग आणि त्यामागे अर्धगोलात मांडलेले तीन पडदे. घरात बसून शर्यतीची गाडी चालवायचं ते यंत्र. सगळे त्याला 'रिग' म्हणायचे, काकू मात्र 'दाताच्या डॉक्टरची खुर्ची' म्हणायच्या. काकांचा भाचा परदेशी जाताना ती सांभाळायला म्हणून ठेवून गेला होता. पुढे त्याने तिकडेच घर घेतलं आणि फोनवर सांगून टाकलं, "मामा, आता ती तुमचीच." पण काकांनी ते कधी मानलं नाही. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. दुसऱ्याच्या वस्तूला आपल्या हातून काही होऊ नये, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलं होतं. "दुसऱ्याची वस्तू आहे," ते म्हणायचे, "वापरात राहिली तर टिकेल, म्हणून मी चालवतो." आणि रोज संध्याकाळी चहानंतर, जबाबदारी पार पाडायच्या गंभीर चेहऱ्याने, ते शर्यतीला बसायचे.

बसणं सोपं नव्हतं. आधी रबरी चपला, मग हात कोरडे करायला खास वेगळा ठेवलेला नॅपकिन. त्यानंतर वीज चालू करायचा विधी. आधी मेन, मग यूपीएस, मग पडदे, मग कॉम्प्युटर आणि सर्वांत शेवटी स्टीअरिंग. बंद करताना बरोबर उलटं. प्रत्येक बटणाचं नाव काका सीटवरून मोठ्याने पुकारणार आणि भिंतीपाशी उभ्या माणसाने बटण दाबून तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायचं. हे काम पूर्वी काकूंकडे होतं. एकदा त्यांनी कणकेच्या हाताने मेन दाबला, तेव्हापासून त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आलं. ("सुटले," एवढंच त्या म्हणाल्या.) मग ते माझ्याकडे आलं. "मेन!" "मेन चालू!" "यूपीएस!" "यूपीएस चालू!" असं करत करत स्टीअरिंगपर्यंत आलं की खरी कसोटी. वीज मिळाल्यावर ते स्टीअरिंग आपला मध्य शोधण्यासाठी स्वतःहून गरकन डावीकडे आणि मग उजवीकडे फिरतं. त्या वेळी त्याला हात लावायचा नाही. काका दोन्ही हात काखेत घालून, श्वास रोखून बसायचे. स्टीअरिंग थांबलं की श्वास सुटायचा. माझाही सुटायचा. सुरुवातीला मला हे सगळं विचित्र वाटलं, पण महिनाभरातच मी कॉलेजमध्ये लॅबचा पंखा लावतानाही हळूच 'पंखा चालू' असं पुटपुटायला लागलो.

रिग चालू असताना घरात मिक्सर, गीझर आणि इस्त्री यांना बंदी होती. व्होल्टेज हलतं म्हणे. "यांची गाडी तिकडे फ्रान्सात वळण घेते आणि माझं वाटण इथे अडतं," काकू मला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या. काका पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, "पाटा आहे की." "आहे. आणि तो वापरायला विजेची गरज नाही, तशी तुमचीही नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे."

बरं, एवढ्या तयारीनंतर काका गाडी चालवायचे कशी, तर गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षातून निघाल्यासारखी. मागून कोणी आलं की बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे. ऑनलाईन खेळणारी पोरं हेडफोनमधून ओरडायची, "अंकल, साइड काय देताय, रेस आहे ही!" काका शांतपणे म्हणायचे, "घाई तुम्हाला आहे, मला नाही. जा." पुढे गेलेल्याने आभार मानले नाहीत तर त्यांना वाईट वाटायचं. ते नेहमी शेवटचे यायचे आणि उतरताना न चुकता सांगायचे, "एक ओरखडा नाही." भाच्याच्या यंत्रातल्या, खऱ्या नसलेल्या गाडीवरही ओरखडा येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा हिशेब होता.

बंद केल्यानंतरची काळजी तर चालू असतानाच्या काळजीहून मोठी. प्लग काढून तो ते पालथ्या हाताने चाचपायचे, गरम तर नाही ना. एकदा दोघं कात्रजला लग्नाला निघाले. मी खोलीत अभ्यास करत होतो. फोन आला. "तुम्ही हॉलमध्ये जा. रिग बंद आहे का बघा." मी बघून आलो, बंद आहे म्हणालो. "दिसायला बंद असते. कान लावून बघा." मी पडद्यामागे वाकून कान लावला. मागून फोनवर काकूंचा आवाज आला, "अहो, मुहूर्त टळतोय, आणि तो काय तिची नाडी बघतोय का?" विजेच्या बाबतीत काका मला 'तुम्ही' म्हणायचे. जेवणाच्या बाबतीत 'तू'. "तू अजून एक पोळी घे" आणि "तुम्ही स्विचला हात लावू नका" ही दोन्ही वाक्यं ते एकाच ताटावर बसून बोलत.

शेवटच्या वर्षाला मला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. हिंजवडीची एक कंपनी होती, मुलाखत ऑनलाईन होती. माझे वडील कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला आहेत. त्यांनी फोनवर तारीख विचारून घेतली आणि नंतर रोज विचारत राहिले, जणू ती बदलेल. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, कॉलेजच्या लॅबमध्ये नेमक्या त्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. मोबाईलवरून देईन, असं मी ताटावर बोललो. काका बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "मोबाईलवर नको. तुम्ही रिगवर बसा." काकूंचा हात वाढता वाढता थांबला. त्या सीटवर काकांशिवाय कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि बहुतेक त्यांनीही नव्हतं.

दिवस गुरुवार होता. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी, त्यामुळे काका आठवडाभर अस्वस्थ होते. वीज जाणार नाही ना, हे त्यांनी चार ठिकाणी विचारून घेतलं. इंटरनेटचा डबाही यूपीएसवर जोडला, म्हणजे वीज गेली तरी मुलाखत चालू राहावी. सकाळी काकूंनी हातावर दही-साखर ठेवली. दुपारी तीनला इस्त्रीचा शर्ट घालून मी सीटमध्ये बसलो, तर ती इतकी मागे रेललेली की पाय पुढे पेडलवर आणि हनुवटी छातीला. आज भिंतीपाशी काका होते. "स्टीअरिंग राहू द्या ना काका," मी म्हणालो, "मुलाखतीला काय करायचंय?" "अर्धवट काही चालू करू नये," ते म्हणाले. स्टीअरिंग गरकन फिरलं. मी हात काखेत घातले. काका दाराआड जाऊन उभे राहिले.

समोरच्या पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या बाईंनी थोडा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही गाडी चालवत आहात का? थांबवून बोललात तरी चालेल."

"नाही मॅडम, मी घरात आहे. हे काकांचं आहे."

त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही, पण प्रश्न सुरू झाले. सुरुवातीला अडखळलो, मग हळूहळू उत्तरं येऊ लागली. प्रोजेक्टबद्दल तर मी सलग बोललो, मलाच नवल वाटलं. शेवटाकडे त्या बाईंनी विचारलं, "अचानक दबाव आला तर तुम्ही निर्णय कसा घेता, एखादं उदाहरण सांगा." मी तोंड उघडलं, आणि वीज गेली.

पंखा मंदावला. यूपीएस टीट टीट वाजू लागला. तीनही चेहरे जागच्या जागी होते, माझ्याकडे बघत होते. सगळं काकांनी योजलं होतं तसंच चालू होतं. पण यूपीएस वाजला की रिग रीतसर बंद करायची, हा त्या घरातला सर्वांत जुना नियम. काका दाराआडून धावत आले.

"स्टीअरिंग!"

आणि माझा हात आपोआप यंत्रावरच्या बटणाकडे गेला. "स्टीअरिंग बंद!"

"कॉम्प्युटर!"

"कॉम्प्युटर बंद!"

चेहरे गेले. "पडदे!" "पडदे बंद!" "यूपीएस!" त्याचं बटण काकांनीच दाबलं. "मेन!" तोही त्यांनीच खाली ओढला. सगळं इतकं बिनचूक झालं होतं की क्षणभर आम्ही दोघांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिलं. मग घर अगदी शांत झालं. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत काकू आल्या. "झाली का मुलाखत?"

काका मटकन सोफ्यावर बसले. तेवढ्यात जिन्यातला दिवा लागलेला दाराच्या फटीतून दिसला. वीज आली होती. ती का गेली, हे आजतागायत कळलेलं नाही. काका उठले, मेनपाशी गेले, पण कुठलं बटण आधी ते त्यांना आठवेना. त्यांचा हात भिंतीवर नुसताच फिरत होता. मी घाबरलो होतो, पण तो हात बघून जास्त घाबरलो. माझा मोबाईल वाजला. कंपनीतून एक मुलगी बोलत होती: पॅनलने पुढच्या उमेदवाराला घेतलंय, आज ऑनलाईन वेळ शिल्लक नाही. ऑफिसात मात्र संध्याकाळी पाचपर्यंत प्रत्यक्ष मुलाखती आहेत, येऊ शकता का? मी हो म्हणालो. कसा जाणार, हे मला माहीत नव्हतं.

काकांनी आपल्या खऱ्या गाडीची किल्ली काढली. ती गाडी फक्त लग्नाला बाहेर पडायची. काकूंनी पुन्हा दही-साखर दिली. "सकाळचं वाया गेलं," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याला, "अहो, आज तरी कोणाला साइड देऊ नका."

त्यांनी सगळ्यांना दिली. चांदणी चौकातून हायवेला लागल्यापासून ट्रक, बस, पाण्याचा टँकर, सगळे आम्हाला मागे टाकून गेले. मी घड्याळ बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. मग काका समोर बघतच म्हणाले, "रागावला आहेस का?"

"नाही काका. मीच बंद केलं ना."

"मी म्हटलं म्हणून केलंस." एक टेम्पो हॉर्न देत गेला. काकांनी त्याला हात दाखवला. "यंत्र जपायचं एवढंच डोक्यात बसलंय रे. समोर बसलेलं पोरही दुसऱ्याचंच आहे, हे त्या वेळी सुचलं नाही." मी खिडकीची काच उगीच थोडी खाली केली.

पोहोचलो तेव्हा पाच वाजायला अवकाश होता. काकांनी निघतानाच अजिबात वेळ दवडला नव्हता, त्याचा तो फायदा. गाडी आत सोडली नाही, म्हणून त्यांनी ती फाटकाबाहेर झाडाखाली लावली. आत त्याच बाई होत्या. "गाडीतले तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि मघाशी राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, दुसरं उदाहरण सुचेना तेव्हा, घडलं ते सगळं क्रमाने सांगितलं. त्या आणि त्यांच्या शेजारचे गृहस्थ खूप वेळ हसत होते. मग त्यांनी बरेच कठीण प्रश्न विचारले, त्यांतल्या दोहोंची उत्तरं मला आली नाहीत, तसं मी सांगितलं. बाहेर बसवून ठेवलं. शेवटी मघाची फोनवरची मुलगी येऊन म्हणाली की परीक्षेचा निकाल लागल्यावर रुजू व्हा, पत्र येईल.

आता मी इकडे हिंजवडीजवळच तिघांबरोबर राहतो. आमच्या खोलीत कोणी नसलं तरी पंखा फिरत असतो, चार्जर तापत असतात, कोणाला त्याचं काही नसतं. मधूनच काकांचा फोन येतो. काकू जेवलास का विचारतात, काका विचारतात तुमच्याकडे अर्थिंग कसं आहे. मी नीट आहे म्हणतो. नक्की ठाऊक नसतं, आणि फोन ठेवल्यावर मन थोडं खात राहतं.

त्या दिवशी मी फाटकाबाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वडिलांना फोन लावला, पण मिलच्या आवाजात त्यांना तो ऐकू आला नसावा. गाडीपाशी गेलो. काका सीटवर मान कलती टाकून झोपले होते, तोंड थोडं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. एरवी सावध असणारा तो चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. काचेवर टकटक करायला उचललेला हात मी खाली घेतला आणि फुटपाथच्या कडेला बसून राहिलो. सांगायचं ते कुठे जाणार नव्हतं.