नाव टाकलेलं ताट

अक्का कुणाच्याही ताटातला पहिला घास स्वतः उचलायच्या. नवरा असो, दीर असो की नवऱ्याबरोबर कंपनीतून आलेला पाहुणा. "थांबा, मीठ बघते," म्हणत हात पुढे यायचा. भाजी त्यांनीच केलेली, चव आधीच घेतलेली, मग पुन्हा मीठ कसलं बघायचं? लग्न होऊन मी अंबरनाथच्या बुवापाड्यात आले तेव्हा मला या सवयीची भारी किळस वाटायची. एकदा माझं तोंड वाकडं झालेलं त्यांनी पाहिलं. "माझ्या आज्याच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे गं. एका ताटात जेवायला मिळावं म्हणून तर आपण बौद्ध झालो. आता तू नाक मुरडतेस व्हय?"

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मूल नव्हतं. माझी मुलगी झाली तेव्हा तिचं नाव त्यांनीच ठेवलं, न्हाऊमाखू त्याच घालायच्या. मी आपली दूध पाजण्यापुरती आई. मला थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मुलगी सहा महिन्यांची असताना अक्कांच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. मुंबईत ऑपरेशन, मग विजेचा शेक, मग इंजेक्शनं. भावाकडे राहून त्यांनी आठ महिने काढले. "संपलं एकदाचं!" म्हणत घरात शिरल्या, तेव्हा विरळ डोक्यावर पदर घट्ट होता, आवाज मात्र पहिल्यासारखाच.

त्या येणार म्हणून मी उल्हासनगरला जाऊन स्टीलचं नवं ताट आणलं होतं. शेठने नाव कोरायचं मशीन उचलून विचारलं, "भाभी, नाम क्या डालूँ?" मी म्हटलं, "अक्का." घरात सगळ्यांना वाटलं, काय माया आहे जावेची! खरी गोष्ट अशी, की हा आजार उष्ट्यातून लागतो असं शेजारणीने माझ्या कानात घातलं होतं. लेक लहान होती. मी घाबरले, आणि कुणाला विचारलंसुद्धा नाही.

अक्कांनी नावावरून बोट फिरवलं. शेजारीपाजारी ताट दाखवून आल्या. दोन दिवसांनी लेकीला वरणभात वाढला होता. "थांब गं, मीठ बघते," म्हणून त्यांचा हात पुढे आला आणि मी लेकीचं ताट ओढून घेतलं. "अक्का, तुमच्या ताटात वाढलंय ना!"

त्यांनी नाव टाकलेल्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीठ बरोबर असेल," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या दाराशी बसून जेवू लागल्या. ताट स्वतः घासून खिडकीत वेगळं ठेवायच्या. घरात कुणी त्यांना आत बोलावलं नाही. मी तर नाहीच.

दोन महिन्यांनी तपासणीला मी त्यांच्यासोबत गेले. तिथे नर्सबाईंना हळूच विचारलं. त्या भडकल्याच. "अहो बाई, हा काय सर्दीखोकला आहे लागायला?"

"मला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं त्यांनी," शेजारी बसलेल्या अक्का म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू शालू? माझा आजार डॉक्टरांनी बरा केला. तुझी भीती कशी बरी करायची, ते मला कुठं ठाऊक होतं?"

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी मी ते ताट माळ्यावर टाकलं, अक्कांना ओढून सगळ्यांच्यात बसवलं आणि म्हटलं, "बघा ना मीठ." त्यांनी जरा बिचकतच लेकीच्या ताटाकडे हात नेला. तशी पोरीने दोन्ही हातांनी ताट छातीशी ओढलं. वरणभात फ्रॉकवर सांडला. जेमतेम दीड वर्षाची पोर. मी तिला हे शिकवलं नव्हतं, तिने फक्त मला पाहिलं होतं.

अक्का हसल्या. "अगदी आईवर गेलीये," म्हणाल्या आणि पदराने तिचा फ्रॉक पुसू लागल्या.

तीन वर्षांनी आजार उलटला आणि अक्का गेल्या. मी त्यांची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असं करता करता राहूनच गेलं. लेकीला त्या आठवत नाहीत. रंग, नाक, डोळे, हसणं, सगळं तिने वडिलांचं घेतलंय. ती आईवर गेली असं आजवर फक्त अक्काच म्हणाल्या.